निघण्याआधी पेट्रोलचा हिशेब: चार अक्षरांचं बीजगणित

जोडून सुट्टी आली की आपल्या खालापूर तालुक्यात कुंभिवलीपासून खोपोलीपर्यंत घराघरांत बेत सुरू होतात. कुणाला पुण्याला लग्नाला जायचं असतं, कुणाला पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला, कुणाला खारपाड्यावरून पेण-वडखळ करत अलिबागला. गाडी कुणाची काढायची ते ठरतं, निघायची वेळ ठरते, आणि मग कुणीतरी विचारतं, "पेट्रोल किती लागेल?" उत्तर बहुतेक वेळा अंदाजपंचे येतं: "दोन हजार धर." दोनच हजार का, हे सांगता येत नाही. परतल्यावर वर्गणी गोळा करताना याच दोन हजारांवरून कुरबुर होते.

हा अंदाज पक्का करायला आठवी ते दहावीचं बीजगणित पुरतं. जे माहीत नाही त्याला एक अक्षर द्यायचं, समीकरण मांडायचं आणि आकडे भरायचे. याने खर्चाचा आकडा तर मिळतोच, शिवाय कोणती गोष्ट बदलली की खर्च किती हलतो हेही दिसतं. लोक दर एक रुपयाने वाढला की चिडतात, पण घाटातल्या कोंडीत त्याच्या कितीतरी पट पेट्रोल जळतं. समीकरण मांडलं की हे लपत नाही.

मूळ सूत्र

चार अक्षरं घेऊ. अ म्हणजे अंतर, किलोमीटरमध्ये. म म्हणजे गाडीचं मायलेज, आपण ज्याला रोजच्या बोलण्यात ॲव्हरेज म्हणतो ते, लिटरला किती किलोमीटर. द म्हणजे एका लिटरचा दर. ख म्हणजे इंधनाचा खर्च.

ख = (अ ÷ म) × द

आधी अंतराला मायलेजने भागायचं म्हणजे लिटर मिळतात, मग लिटरला दराने गुणायचं. शाळेत शिकलेलं समचलन आणि व्यस्तचलन इथे एकाच ओळीत आहे. अंतर दुप्पट झालं तर खर्च दुप्पट, दर दहा टक्के वाढला तर खर्च दहा टक्के वाढतो. मायलेज मात्र उलट्या दिशेने चालतं: ते निम्मं झालं की खर्च दुप्पट. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त जी त्रैराशिकं आणि व्यस्त त्रैराशिकं सांगितली, त्यांच्यापलीकडचं इथे काही नाही.

पहिलं उदाहरण पुण्याचं. कुंभिवलीहून सावरोलीमार्गे स्वारगेटपर्यंत एका बाजूचं अंतर ८५ किलोमीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन १७०. गाडी लिटरला १७ देते आणि दर १०४ रुपये आहे असं मानू. १७० भागिले १७ म्हणजे १० लिटर, आणि १० गुणिले १०४ म्हणजे १,०४० रुपये. या लेखात सगळीकडे १०४ हाच दर आणि ढोबळ अंतरं घेतली आहेत. तुम्ही हिशेब कराल तेव्हा नकाशावरचं नेमकं अंतर आणि त्या दिवशीचा दर भरा. १६ जून २०१७ पासून देशभर इंधनाचे दर रोज सकाळी सहाला बदलू शकतात, तेव्हा मागच्या महिन्यातली पावती कामाची नाही.

म शोधायचा कसा

चारपैकी अंतर नकाशा सांगतो, दर पंपावरची पाटी सांगते. फसगत होते ती म मध्ये. गाडी विकताना सांगितलेला आकडा प्रमाणन चाचणीतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ही चाचणी रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने होते. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम, पण त्यात खोपोलीचा बाजार नसतो, पावसाळ्यातले खड्डे नसतात, मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत आहेराच्या पिशव्याही नसतात. डॅशबोर्डवर दिसणारा आकडाही गाडीचा स्वतःचा अंदाज असतो. म आपल्या हाताने काढावा.

रीत सोपी आहे. पंपावर टाकी फुल करा, म्हणजे नोझल आपोआप बंद होईल तिथे थांबा. "अजून थोडं जाईल" म्हणत वर ओतू नका. मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. दोन-तीनशे किलोमीटर चालवून झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर, तसंच नोझल बंद होईपर्यंत पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले तितके मधल्या प्रवासात जळाले.

म = (दुसरं रीडिंग − पहिलं रीडिंग) ÷ दुसऱ्या वेळी भरलेले लिटर

पहिलं रीडिंग ४२,३१० आणि दुसरं ४२,५९८ असेल तर फरक २८८ किलोमीटर. दुसऱ्या वेळी १६ लिटर बसलं तर म = १८. टाकी फुल होण्याचा नेमका बिंदू दर वेळी थोडा मागेपुढे होतो, म्हणून असं तीन-चारदा करून एकूण किलोमीटरना एकूण लिटरने भागलं तर आकडा भरवशाचा होतो.

जुन्या वहीतला आकडा वापरताना एक काळजी घ्या. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास. साध्या पेट्रोलवर मोजलेला १८ चा म आता १७ च्या जवळ येऊ शकतो. तेव्हा म नव्याने मोजा.

बोरघाटाचं एक लिटर

आपल्या भागातल्या माणसाला एका गोष्टीचा हिशेब इतरांपेक्षा जास्त लागतो, तो म्हणजे घाट. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर, तर लोणावळा साधारण ६२० मीटरवर. मधले ५६० मीटर गाडीला स्वतःच्या जोरावर चढायचे असतात. हीच उंची पाण्याला उतरवून टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ पासून वीज काढतं. हीच उंची चढायला जोर कमी पडतो म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक रेल्वेगाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिन लावावं लागतं. मोटारीला मागून ढकलणारं कुणी नसतं, तिचा सगळा जोर टाकीतून येतो.

किती जोर लागतो ते काढता येतं. माणसं-सामानासह गाडी १,४०० किलोची धरू. चढायला लागणारी ऊर्जा म्हणजे वजन × ९.८ × उंची, म्हणजे १,४०० × ९.८ × ५६०, साधारण ७७ लाख ज्यूल. लिटरभर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण त्यातला पाव हिस्साच इंजिन चाकांपर्यंत पोहोचवतं, बाकी उष्णता होऊन उडून जाते. म्हणजे लिटरमागे उपयोगाचे ८० लाख ज्यूल. भागाकार करा: खोपोलीहून लोणावळ्याला चढायला सपाटीपेक्षा जवळपास एक लिटर जास्त लागतं. गाडी हलकी असेल तर पाऊण लिटर.

आता हे समीकरणात आणू. रस्त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा म द्यायचा.

ख = (अ१ ÷ म१ + अ२ ÷ म२ + …) × द

पुण्याकडच्या ८५ किलोमीटरमध्ये ७० सपाट आणि १५ घाटाचे धरू. सपाटीवर म १८, चढताना ८, उतरताना ३०. जाताना ७० ÷ १८ म्हणजे ३.८९ लिटर आणि १५ ÷ ८ म्हणजे १.८७, एकूण ५.७६ लिटर. येताना तेच ३.८९ अधिक १५ ÷ ३० म्हणजे अर्धा लिटर, एकूण ४.३९. दोन्ही मिळून १०.१५ लिटर, रुपयांत सुमारे १,०५६. जायचा खर्च यायच्या खर्चाच्या सव्वापट-दीडपटीच्या मध्ये आहे, हे लक्षात ठेवा. एका बाजूने मित्राच्या गाडीतून आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्याच्या गाडीतून येणार असाल तर निम्मी-निम्मी वाटणी चढणाऱ्यावर अन्याय करते.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगले हिशेबी लोकही पडतात. चढताना ८, उतरताना ३०, मग घाटाची सरासरी काय? पटकन उत्तर येतं १९, आणि वाटतं की घाटात तर सपाटीपेक्षा फायदाच झाला! खरा हिशेब असा: १५ किलोमीटर चढून १५ उतरलो, म्हणजे ३० किलोमीटर, आणि पेट्रोल लागलं १.८७५ + ०.५ = २.३७५ लिटर. ३० भागिले २.३७५ म्हणजे १२.६. मायलेजांची बेरीज करून दोनाने भागायचं नसतं. आधी लिटर काढायचे, लिटरांची बेरीज करायची, आणि एकूण किलोमीटरना तिने भागायचं.

दर वेळी तुकडे पाडायचा कंटाळा आला तर बोरघाटासाठी एक पक्कं अक्षर ठेवा: घ. चढताना घ = १ लिटर. चढून परत उतरणार असाल तर उतारावर थोडं वाचतं, म्हणून घ = ०.७ लिटर.

ख = (अ ÷ म + घ) × द

उतारावर वाचवायचं म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंदच करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट पेट्रोल जाळतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. घाटात हे जिवावर बेततं.

कोंडी आणि वेग

शनिवारी सकाळी लोणावळ्याकडे जाणारा घाट कसा तुंबतो, हे खालापूरच्या माणसाला सांगायला नको. एसी लावून जागेवर उभी असलेली गाडी तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जाळते. किलोमीटर वाढत नाहीत, त्यामुळे अंतराच्या सूत्रात हा खर्च दिसतच नाही. त्याला वेगळं पद द्यायचं. त म्हणजे कोंडीतले तास:

ख = (अ ÷ म + घ + ०.८ × त) × द

दीड तास अडकलात तर ०.८ × १.५ = १.२ लिटर, म्हणजे जवळपास १२५ रुपये. दोन तास लवकर निघण्याची किंमत आता रुपयांत सांगता येते.

वेगाचाही हिशेब होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने चालवलं तर वेग सव्वापट होतो, आणि सव्वाचा वर्ग १.५६, म्हणजे हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी जास्त. एकूण पेट्रोल इतकं वाढत नाही, कारण टायरचं घर्षण आणि इंजिनची इतर कामं वेगासोबत तितकी वाढत नाहीत. पण ८० ला १८ देणारी गाडी १०० ला १५ देते असं धरू. एक्स्प्रेसवेच्या ६० किलोमीटर सपाट तुकड्यावर एकीकडे ३.३३ लिटर, दुसरीकडे ४ लिटर. फरक ०.६७ लिटर, म्हणजे सत्तर रुपये. वेळ वाचला ४५ मिनिटांऐवजी ३६, म्हणजे नऊ मिनिटं. नऊ मिनिटांसाठी सत्तर रुपये द्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. तुमच्या गाडीचे दोन वेगांचे म मोजून हे आकडे बदलून घ्या.

टोल कधी परवडतो

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पूर्ण अंतरासाठी कारचा एका बाजूचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. खालापूरसारख्या मधल्या ठिकाणी चढणाऱ्याला टप्प्यानुसार आकारणी होते. जुन्या हायवेवरही वरसोली आणि सोमाटणे इथे नाके आहेत. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी असल्याने मोटरसायकलवाल्याला हा प्रश्नच पडत नाही. कारवाल्याने मात्र टोल ट या अक्षराने वेगळा ठेवावा, कारण तो मायलेजवर अवलंबून नाही.

टोल पेट्रोलमधून वसूल होतो का, हे पाहायची एक झटपट रीत आहे. टोलच्या रकमेला दराने भागा, म्हणजे तेवढ्या पैशांचे लिटर मिळतात. त्यांना म ने गुणा, म्हणजे तेवढ्या पैशांत गाडी किती चालते ते कळतं.

वाचायला हवेत असे किलोमीटर = (ट ÷ द) × म

दक्षिण मुंबईला जायचं आहे असं समजा. एक रस्ता वाशीवरून. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, तेव्हा कारसाठी वाशीचा ट शून्य. दुसरा रस्ता जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरून, कारला एका बाजूने २५० रुपये. शहराजवळ म १५ धरला तर (२५० ÷ १०४) × १५ म्हणजे ३६ किलोमीटर. अटल सेतूने एका खेपेत ३६ किलोमीटर वाचले तरच तो निव्वळ पेट्रोलमध्ये फिटतो, आणि तितके वाचत नाहीत. म्हणून तो घेऊ नये असं मात्र नाही. समजा १२ किलोमीटर आणि पाऊण तास वाचला. १२ किलोमीटरचं पेट्रोल ८३ रुपयांचं. उरले १६७ रुपये, ती पाऊण तासाची किंमत. गाडीत पाच जण असतील तर माणशी ३३ रुपये. वेळेवर हॉस्पिटल गाठायचं असेल तर हा प्रश्नच नाही. नुसतं गेटवेला फिरायला जायचं असेल तर विचार करा.

याच सूत्राने "पलीकडच्या पंपावर रुपयाने स्वस्त आहे" या मोहाचाही निकाल लागतो. ३० लिटर भरणार असाल तर वाचतात ३० रुपये. ३० रुपयांत गाडी (३० ÷ १०४) × १८, म्हणजे पाच किलोमीटर चालते. तो पंप वाटेपासून जाऊन-येऊन पाच किलोमीटरहून जास्त लांब असेल तर स्वस्त पेट्रोल महाग पडलं.

वर्गणीचं गणित

माणशी खर्च = (ख + ट) ÷ न, जिथे न म्हणजे माणसं. गाडी न्यावी की रेल्वेने जावं, हेही यावरून ठरतं. पुण्याच्या जोडसुट्टीतल्या सहलीचा पूर्ण हिशेब मांडू. १७० ÷ १८ म्हणजे ९.४४ लिटर, घाटाचं ०.७, दीड तास कोंडीचं १.२, एकूण ११.३४ लिटर. गुणिले १०४ म्हणजे १,१८० रुपये. टोल आणि पार्किंगचे ६०० धरू. एकूण १,७८०. कर्जतहून रेल्वेने जाऊन-येऊन, दोन्हीकडच्या रिक्षा धरून माणशी ४०० रुपये पडतात असं मानलं, तर १,७८० ÷ ४०० म्हणजे ४.४५. साडेचार माणसं नसतात, तेव्हा चौघांपर्यंत रेल्वे स्वस्त आणि पाच जण असतील तर मोटार. पाच जणांत माणशी ३५६ रुपये.

कुणी वाटेत चढणार असेल तर सरसकट भागाकार चालत नाही. माणूस-किलोमीटर काढायचे. कुंभिवलीहून तिघं निघाले आणि चौथा लोणावळ्याला चढून परतताना तिथेच उतरला. तिघांचे प्रत्येकी १७० म्हणजे ५१०, चौथ्याचे ६० जाताना आणि ६० येताना म्हणजे १२०, एकूण ६३० माणूस-किलोमीटर. इंधनाचा खर्च कोंडीशिवायचा १,०५६ धरला तर दर माणूस-किलोमीटरला १ रुपया ६८ पैसे. तिघांना प्रत्येकी २८५, चौथ्याला २०१. टीटीएमएम ('तुझं तू, माझं मी') करायचंच असेल तर असं करा, मैत्री टिकते.

गाडी ज्याची आहे त्याने वर्गणी द्यावी का? टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, विमा हे त्याच्या खिशातून जातं आणि पेट्रोलच्या सूत्रात कुठेच दिसत नाही. म्हणून गाडीवाल्याला सोडून न − १ ने भागणं मला रास्त वाटतं. हे निघण्याआधी बोलून घ्यावं. परतल्यावर बोललं की ते मागणं वाटतं.

दोन अज्ञातं, दोन टाक्या

दहावीतली दोन चलांतील रेषीय समीकरणं पुढे कधी लागली, असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर. हायवेचा आणि गावातल्या गर्दीचा म वेगवेगळा असतो, पण टाकी एकच असते, मग दोन्ही वेगळे कसे काढायचे? दोन वेळा टाकी फुल करून.

युक्ती एवढीच की लिटरला किती किलोमीटर हे न घेता किलोमीटरला किती लिटर हे अज्ञात धरायचं. नाहीतर अज्ञात भागाकाराच्या खाली जाऊन बसतं. हायवेवर किलोमीटरला क्ष लिटर, गावात य लिटर. एका गाडीने पहिल्या वेळी २०० किलोमीटर हायवे आणि १०० किलोमीटर गावात चालून १८ लिटर जाळलं. दुसऱ्या वेळी १०० हायवे आणि १५० गावात चालून १७ लिटर.

२०० क्ष + १०० य = १८
१०० क्ष + १५० य = १७

दुसऱ्या समीकरणाला दोनाने गुणलं की २०० क्ष + ३०० य = ३४. त्यातून पहिलं वजा केलं की २०० य = १६, म्हणजे य = ०.०८. मग २०० क्ष = १८ − ८ = १०, क्ष = ०.०५. उलटे करा: हायवेला लिटरला २०, गावात साडेबारा. मुलं दहावीत असतील तर त्यांना पंपावर सोबत न्या आणि हे त्यांच्याकडूनच करून घ्या.

उलटं समीकरण: खिशात इतके, जाऊ कुठे?

सूत्र उलटं फिरवता येतं, हा बीजगणिताचा मोठा फायदा. पेट्रोलसाठी ब रुपये ठेवले असतील तर

अ = (ब ÷ द) × म

दोन हजार रुपये, दर १०४, म १७: अंतर ३२७ किलोमीटर, म्हणजे एका बाजूला १६३. त्यात अलिबाग बसतं, पुणे बसतं, रायगड किल्लाही बसतो. कोल्हापूर बसत नाही. अष्टविनायकाची सगळी फेरी साडेसहाशे किलोमीटरच्या घरात जाते, तीही बसत नाही. पण आठांपैकी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर हे दोघे आपल्याच जिल्ह्यात आहेत. कुंभिवलीहून दोन्ही करून परत यायला शंभर किलोमीटर धरले तर १८ च्या हिशेबाने ५८० रुपयांच्या आत काम होतं. दोन हजारांत बाकीच्या पैशांचं जेवणही होतं.

सीएनजी घ्यावी का

हा सहलीपेक्षा मोठा निर्णय, पण समीकरण तेच. सीएनजी किलोवर मिळते, म्हणून तिचा म किलोला किती किलोमीटर असा काढायचा. पेट्रोलवर किलोमीटरचा खर्च १०४ ÷ १८ म्हणजे ५ रुपये ७८ पैसे. सीएनजी ८२ रुपये किलो आणि म २४ धरला तर ३ रुपये ४२ पैसे. किलोमीटरमागे २ रुपये ३६ पैसे वाचतात. सीएनजीच्या गाडीला ९० हजार जास्त मोजले असतील तर ९०,००० ÷ २.३६ म्हणजे सुमारे ३८ हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल.

सावरोली-खारपाडा रस्त्यावरच्या कारखान्यात रोज पनवेलहून येणारा महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवत असेल, तर त्याला सव्वादोन वर्षांच्या आत फायदा सुरू होतो. महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणाऱ्याला दहा वर्षांहून जास्त लागतात. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नका, आधी स्वतःचे महिन्याचे किलोमीटर मोजा.

निघण्याच्या आदल्या रात्री

कागदावर एवढंच लिहा: जाऊन-येऊन अंतर, आपला मोजलेला म, घाट असेल तर घ, कोंडीचे संभाव्य तास, आजचा दर, टोल आणि पार्किंग, माणसं. सगळं मिळून एक ओळ होते:

माणशी खर्च = [(अ ÷ म + घ + ०.८ × त) × द + ट] ÷ न

इंधनाच्या भागावर दहा टक्के वाढवा, कारण वाट चुकते, मुक्कामी गावातल्या गावात फिरणं होतं, कुणाला तरी स्टेशनवर सोडावं लागतं. वरच्या पुण्याच्या सहलीत १,१८० चे १,२९८ होतील आणि पाच जणांत माणशी ३८० रुपये. तेवढी वर्गणी आधीच जमा करा. उरलं तर परत द्या.

द्रुतगती मार्गाच्या खोपोली ते कुसगाव या 'मिसिंग लिंक' जोडरस्त्याने सुमारे सहा किलोमीटर वाचतात. त्या मार्गाने जाताना समीकरण तेच, फक्त अ आणि त कमी करायचे. दर बदलला तर द बदला, गाडी बदलली तर म पुन्हा मोजा. म मात्र दुसऱ्याकडून उसना घेऊ नका. उद्या पंपावर जाल तेव्हा टाकी फुल करून मीटरचं रीडिंग पावतीच्या मागे लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्या एका आकड्यापासून सुरू होतो.